न लिहिलेला पगार

सकाळचे सहा वाजून गेलेत. ठाण्याच्या नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर किराणा दुकानाचं शटर अर्धंच वर गेलंय. दुधाचे क्रेट आत ओढून झालेत, झाडू मारायचा राहिलाय. तेवढ्यात एक बाई वाकून आत डोकावतात. दुधाच्या दोन पिशव्या, एक पाव आणि "काका, ती पाच रुपयांवाली कॉफीची पुडी टाका एक." पैसे नंतर. काका मान हलवतात, पण लिहून घेत नाहीत. एवढं संध्याकाळपर्यंत लक्षात राहतं. घरात कच्छी आणि गल्ल्यावर मराठी बोलणाऱ्या या काकांकडे पुढच्या दहा मिनिटांत सात गिऱ्हाइकं येऊन जातात. सगळ्यांची मिळून खरेदी चारशे रुपयांच्या वर जात नाही.

याच घरांची महिन्याची यादी या दुकानातून गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेलाचा डबा, कपड्यांची पावडर, तूरडाळ, बिस्किटांचे मोठे पुडे हे सगळं पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी डी-मार्टमधून येतं. रिक्षातून उतरलेल्या फुगलेल्या पिशव्या काकांच्या समोरूनच जिना चढतात. सुरुवातीला लोकांना थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं, काही जण मुद्दाम दुपारी, काका जेवायला गेले की पिशव्या वर न्यायचे. आता काकाच विचारतात, "आज गर्दी होती का हो?"

वीस वर्षांपूर्वी हे चित्र कुणी रंगवलं असतं तर त्यावर विश्वास बसला नसता. पिशव्या जिना चढतील हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्या चढताना बघायला काका गल्ल्यावर असतील असं कुणी म्हणत नव्हतं. २००६च्या नोव्हेंबरात रिलायन्स फ्रेशची पहिली दुकानं हैदराबादेत उघडली. पुढच्याच वर्षी रांचीत भाजीविक्रेते त्यांच्यावर चालून गेले, आणि उत्तर प्रदेश सरकारने ती बंद ठेवण्याचा आदेश काढला. २०११मध्ये केंद्राने किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला दार उघडायचं ठरवलं, गदारोळ झाला, दार पुन्हा लोटलं गेलं. सप्टेंबर २०१२मध्ये ते अटी घालून उघडलं, तेव्हा देशभर बंद पुकारला गेला. अटी अशा: दहा लाखांहून जास्त वस्तीचं शहर, किमान दहा कोटी डॉलर गुंतवणूक, ३० टक्के माल छोट्या उद्योगांकडून, शिवाय राज्याची संमती. महाराष्ट्राची संमती होती. तरी वॉलमार्टची पाटी असलेलं किराणा दुकान मुंबईत काही आलं नाही. फ्रान्सची कारफूर घाऊक दुकानं काढून २०१४मध्ये परतही गेली.

या गदारोळात दोन पाहण्या झाल्या आणि दोन्ही वाचण्यासारख्या आहेत. अनुराधा कल्हण यांनी मुंबईतल्या मॉलच्या आसपासची छोटी दुकानं आणि फेरीवाले तपासले. २००७मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेला त्यांचा निष्कर्ष कडू होता: बहुतेकांची विक्री घटली होती. वर्षभराने दिल्लीच्या इक्रिअर या संस्थेचा अहवाल आला. त्यातही शेजारच्या दुकानांचा धंदा आणि नफा घसरल्याचं दिसलं, पण हा फटका काळाबरोबर सौम्य होत जातो असंही आढळलं. वर्षाला शंभरातली साधारण चार छोटी दुकानं बंद पडत होती, आणि त्यातली मोठ्या दुकानांमुळे बंद पडणारी दोनही नव्हती, नेमकं सांगायचं तर १.७. मार लागतो, पण मरण येत नाही. का येत नाही, हा खरा प्रश्न.

नेहमीचं उत्तर तयार असतं: आपुलकी. वाणी नावाने ओळखतो, मुलांना गोळी देतो, आजींची पिशवी वर पोहोचवतो. हे सगळं खरं आहे, आणि आपुलकीने विजेचं बिल भरता येत नाही हेही तितकंच खरं आहे. त्यापेक्षा दुकानाचा हिशेब मांडून बघावा.

ढोबळच मांडू. समजा अशा दुकानाची रोजची विक्री १५ हजार रुपये आहे. साबण-बिस्किटांवर कमी, सुट्ट्या मालावर जास्त, असं धरून सरासरी दहा टक्के सुटतात. म्हणजे दिवसाला दीड हजार, महिन्याला ४५ हजार. त्यातून पोऱ्याचे १२ हजार, फ्रिज आणि दिव्यांच्या बिलाचे ५ हजार, उंदीर, ओलावा आणि मुदत उलटलेल्या मालाचे ३ हजार गेले. हातात उरले २५ हजार. घर कसंबसं चालतं.

पण हा हिशेब एखाद्या कंपनीच्या हिशेबनिसाने मांडला तर तो दोन ओळी वाढवेल. पहिली ओळ गाळ्याच्या भाड्याची. काकांचा गाळा पागडीचा, महिन्याचं भाडं काही शे रुपये. तोच गाळा आज बाजारभावाने घ्यायचा तर ४० हजार धरा. दुसरी ओळ पगाराची. सकाळी सहा ते रात्री दहा या दुकानात काका असतात, दुपारी काकू बसतात, संध्याकाळच्या गर्दीला सून वजनकाट्यावर उभी राहते. तिघांना १५ हजार दिले तरी ४५ हजार होतात. या दोन ओळी लिहिल्या की महिन्याला ६० हजारांची खोट. कागदावर हे दुकान कधीच बुडालं आहे. ते चालतं, कारण या दोन ओळी कुणी लिहीत नाही. कायद्यालाही त्या दिसत नाहीत: दुकानं-आस्थापनांचा महाराष्ट्राचा २०१७चा कायदा आला तेव्हा तो दहा कामगारांपासून सुरू होत होता, आणि अशा दुकानात तेवढी माणसं नसतातच.

हे कोडं किराणा दुकानापुरतं नाही. अलेक्झांडर चायानोव्ह हा रशियन अर्थतज्ज्ञ गेल्या शतकाच्या विशीत शेतकरी कुटुंबांचे हिशेब तपासत होता, तेव्हा त्याला हेच दिसलं. मजुरी देऊन चालवलेली शेती तोट्यात गेली की मालक ती बंद करतो. घरच्यांच्या राबण्यावर चालणारी शेती वाईट वर्षी बंद होत नाही, घर अधिक राबतं आणि कमी खातं. तिथे नफा-तोटा असा नसतोच, वर्षाअखेर घरात काय उरलं एवढंच असतं. चायानोव्हला स्टालिनच्या राजवटीत १९३७मध्ये गोळी घातली गेली. त्याचं म्हणणं मात्र नौपाड्यातल्या गल्ल्यावर आजही ताडून बघता येतं.

म्हणून वाईट दिवस आले की आधी साखळी तुटते, दुकान नव्हे. चेन्नईत १९९७मध्ये सुरू झालेल्या सुभिक्षाने २००८पर्यंत देशभर सुमारे सोळाशे दुकानं उघडली होती. स्वस्तात विकायचं आणि वेगाने वाढायचं, वाढीला लागणारा पैसा उसना. २००८च्या अखेरीस उसना पैसा आटला. पगार थकले, भाडी थकली, फळ्या रिकाम्या झाल्या आणि २००९ उजाडताच काही आठवड्यांत सगळी दुकानं बंद. त्यांच्या शेजारचे वाणी त्या मंदीत मुलाच्या क्लासची फी एक हप्ता पुढे ढकलून बसले होते.

बिग बझारची गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची आहे, कारण तिचा एक पाय गिरणगावात होता. १९८२च्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. त्या महिन्यांत लालबाग-परळच्या वाण्यांच्या वह्या उधारीने भरत गेल्या. काहींची उधारी वर्षांनी फिटली, काहींची कामगाराबरोबर गावी गेली. पुढे गिरण्या मॉल झाल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात किशोर बियाणींचा बिग बझार उभा राहिला, आणि २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ता दिन'ला तिथे पाय ठेवायला जागा नसे. बियाणींनी भारतीय बाजाराचा गोंगाट आणि ढकलाढकल मुद्दाम दुकानात आणली होती, ते त्यांचं कौतुकास्पद शहाणपण. पण भाडी आणि कर्ज गोंगाटाने फिटत नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत गल्ला थांबला, कंपनी रिलायन्सला विकण्याचा २४,७१३ कोटींचा सौदा ॲमेझॉनने कोर्टात अडवला. २०२२च्या फेब्रुवारीत भाडेकरार हाती असलेल्या रिलायन्सने दुकानंच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. वीस वर्षांत एक अख्खी साखळी आली आणि गेली. त्याच टाळेबंदीत, अर्धं शटर, दोरी बांधलेलं दार आणि चुन्याची वर्तुळं काढून, गल्लीतली दुकानं लोकांना पीठ-मीठ पुरवत होती.

डी-मार्ट मात्र वेगळ्या हाडाचं. शेअर बाजारात नाव कमावलेल्या राधाकिशन दमाणींनी किराण्याचे धडे गिरवले ते नेरूळच्या अपना बाजारात. त्यांनी १९९९मध्ये त्याचं एक केंद्र चालवायला घेतलं होतं. अपना बाजार म्हणजे १९४८मध्ये नायगावच्या कामगारवस्तीत सुरू झालेलं सहकारी ग्राहक भांडार. आजच्या सगळ्यात धूर्त दुकानदाराची शाळा कामगारांच्या सहकारात होती, हे जरा थांबून लक्षात घ्यावं. २००२मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. सुभिक्षा अकरा वर्षांत सोळाशेवर पोहोचली, डी-मार्टला मार्च २०२५पर्यंत ४१५ दुकानं करायला तेवीस वर्षं लागली. जागा शक्यतो भाड्याने घ्यायची नाही, विकत घ्यायची. कंपन्यांना महिनाभर पैशांसाठी ताटकळत ठेवायचं नाही, आठ-दहा दिवसांत चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. झगमगाट, गोड संगीत यांवर खर्च नाही. बारकाईने पाहिलं तर हे वाण्याचंच व्याकरण आहे. भाड्याची ओळ त्यांच्याही वहीत जवळपास नाहीच.

म्हणूनच त्यांनी काकांची महिन्याची यादी नेली. काकांनी ती परत मिळवायचा फार प्रयत्न केला नाही, आणि यात त्यांची हार कमी, चलाखी जास्त आहे. १९९०पासून आपल्याकडे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. छापील किमतीच्या वर कुणालाच जाता येत नाही, म्हणून पाकिटबंद मालात मोठ्या दुकानाचं एकच हत्यार: छापील किमतीच्या खाली विकणं. तिथे काका भिडायला जात नाहीत. ते सुट्ट्या मालाकडे सरकतात. कोलम, इंद्रायणी, जाडे पोहे, पातळ पोहे, चिक्कीचा गूळ, हरभरा डाळ यांवर किंमत छापलेली नसते आणि तुलना डोळ्यांनी नाही, हाताने होते. काका तांदूळ मुठीत घेऊन पुढे करतात. "हा नवा आहे, पाणी बेताने घाला, नाहीतर गिच्च होईल." दुसऱ्या पोत्यातला जुना किलोमागे आठ रुपये महाग आहे आणि तो कुणी घ्यावा हे काकांना ठाऊक आहे: दुसऱ्या मजल्यावर उद्या पूजा आहे. जुलै २०२२मध्ये सरकारने या कोपऱ्याला नकळत टेकूच दिला. पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी बसला, पोत्यातून काढून तोलून दिलेला माल मोकळा राहिला.

दुसरा कोपरा सॅशेचा. पाचशे मिलिलिटर शाम्पू मोठ्या दुकानात स्वस्त पडतो हे गिऱ्हाइकाला कळतं, पण पाचशे मिलिलिटरचे पैसे एका वेळी हातात असावे लागतात. धुणीभांडी करून घरी निघालेली बाई दोन रुपयांची पुडी फाडून घेते. दोन रुपयांच्या व्यवहारासाठी रांग, बारकोड आणि छापील बिल परवडणारं दुकान अजून निघालेलं नाही.

तिसरा उधारीचा. बँकेला कागद लागतात, काकांना एवढंच पुरतं की कुठल्या कंपनीचा पगार कितीला होतो, कुणाकडे रिक्षा स्वतःची आहे आणि कुणाचा मुलगा नुकताच नोकरीला लागलाय. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी भिंतीवर असते ती अनोळखी माणसासाठी. चांगल्या गिऱ्हाइकाला ती वाचून दाखवायची नसते.

मग दुखतंय कुठे? खरेदीच्या भावात. काकांना तेलाचं खोकं ज्या भावाने वितरकाकडून मिळतं, कधी कधी त्यापेक्षा कमी किमतीला तेच खोकं मोठ्या दुकानाच्या फळीवर विकायला असतं. हंगामात काही दुकानदार चक्क तिथून माल उचलून आपल्या दुकानात विकतात. २०२१च्या अखेरीस हा राग वितरकांनी उघड केला. बड्या कंपन्यांच्या घाऊक ॲपवर दुकानदाराला जो भाव मिळतो तो आम्हालाही द्या, नाहीतर तुमचा माल फिरवणार नाही, असं त्यांच्या संघटनेने कंपन्यांना बजावलं. महाराष्ट्रात १ जानेवारी २०२२पासून एका टूथपेस्टचा पुरवठा थांबवूनही दाखवला. बोलणी झाली, तडजोडी झाल्या. भावाचा प्रश्न तिथेच आहे.

अमेरिकेने हाच प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी कायद्याने सोडवायचा प्रयत्न केला होता. १९३०च्या सुमारास ए अँड पी या किराणा साखळीची तिथे जवळजवळ १६ हजार दुकानं होती, आणि छोटे दुकानदार हवालदिल होते. १९३६च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने उत्पादकाला बजावलं: तोच माल मोठ्याला स्वस्त आणि छोट्याला महाग, असं कारणाविना करता येणार नाही. १९८०च्या दशकापासून सरकारनेच तो कायदा कित्येक वर्षं बासनात गुंडाळून ठेवला. (ए अँड पी तरी कुठे टिकली? २०१५मध्ये तिने शेवटचं शटर ओढलं.)

जर्मन दुकानदार सरकारची वाट बघत बसले नाहीत. १८९८मध्ये बर्लिनच्या एका भागातले एकवीस किराणा दुकानदार एकत्र आले आणि त्यांनी खरेदीपुरती सहकारी संस्था काढली. दुकान ज्याचं त्याचं, माल मात्र सगळ्यांचा मिळून घ्यायचा. संस्थेच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून एडेका हे नाव पडलं. आज ती जर्मनीतली सगळ्यात मोठी किराणा व्यवस्था आहे आणि तिची हजारो दुकानं स्वतंत्र मालकांची आहेत.

हे वाचताना मराठी माणसाला जरा चुटपुट लागायला हवी. सहकार आपल्याला परका नाही. ऊसवाले एकत्र आले, दूधवाले आले. गिऱ्हाइकंही आली: अपना बाजार निघाला, वारणा बाजार निघाला, १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि शेजारीपाजारी गट करून महिन्याचा किराणा एकत्र घेऊ लागले. पण वाणी खरेदीसाठी एकत्र आले, असं मोठ्या प्रमाणावर घडलं नाही. त्यांच्या संघटना आहेत, त्या बंद पुकारतात, जकात आणि एलबीटी या स्थानिक करांविरुद्ध त्यांनी मोर्चे काढले. तेलाची शंभर खोकी एकत्र उचलत नाहीत. समोरच्या दुकानात काय भावाने माल येतो हे आपल्याला कळलं तर त्यालाही आपलं कळेल, ही भीती बहुधा मोठी ठरते.

सध्याचा शत्रू डी-मार्ट नाही. तो दहा मिनिटांत येतो.

झेप्टोची सुरुवात कुठून झाली हे फारसं सांगितलं जात नाही. २०२०च्या टाळेबंदीत दोन तरुणांनी मुंबईत जे ॲप काढलं त्याचं नाव होतं किराणाकार्ट, आणि ते गल्लीतल्या दुकानांतूनच माल उचलून घरोघर पोहोचवत होतं. त्याच सुमारास जिओमार्टनेही नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन ती जवळच्या वाण्याकडे वळवण्याचा प्रयोग केला. किराणाकार्टवाल्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्याच्या दुकानात कुठली वस्तू आहे आणि कुठली संपली याचा भरवसा नाही. त्यांनी वाण्याला वगळलं, गिऱ्हाइकांना दार नसलेली स्वतःची गोदामं वस्तीत उभी केली, आणि २०२१मध्ये झेप्टो आलं. ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं ते त्याच वर्षी.

डी-मार्टने महिन्याची यादी नेली तेव्हा काकांकडे उरली होती ती मधली, अचानकची खरेदी: फोडणी टाकल्यावर हिंग संपल्याचं कळतं ती, पाहुणे दारात आल्यावर दूध नसतं ती. चाळीत तिसऱ्या मजल्यावरून दोरीने पिशवी खाली सोडून जे मागवलं जायचं ते. नेमकं तेच आता फोनवर गेलंय. २०२४मध्ये वितरकांच्या त्याच संघटनेने वर्षभरात दोन लाख किराणा दुकानं बंद पडल्याचा दावा केला. दावा करणारे स्वतः वादातले पक्षकार आहेत, तेव्हा आकडा जपून घ्यावा. पण शहरांतल्या सुस्थितीतल्या वस्त्यांत दुपारचं गिऱ्हाईक पातळ झालंय हे सांगायला आकडा लागत नाही. काका हल्ली दुपारी शटर ओढून तासभर झोपतात.

या लढाईतही काकांची हत्यारं तीच आहेत. सॅशे, सुटा माल, उधारी यांतलं फारसं काही दहा मिनिटांच्या गोदामात नाही. पोऱ्या फोनवर सांगितलं की पाच मिनिटांत वर जातो. गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी आहे आणि पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबाही. ॲपवाल्यांना प्रत्येक खेपेमागे पोराला पैसे द्यावे लागतात आणि तूट गुंतवणूकदार भरतात. ते किती वर्षं भरतील यावर बरंच अवलंबून आहे. काकांच्या दुकानाची तूट काकू आणि सून भरतात.

इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. बिल्डर जुन्या गाळ्याच्या बदल्यात नवा गाळा देणार आहे, पण बांधकामाची तीन वर्षं काकांनी कुठे बसायचं ते ठरत नाही. आणि नव्या इमारतीचा महिन्याचा देखभाल खर्चच आजच्या भाड्याच्या पंधरा पट होईल असं दिसतंय. मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. रविवारी सकाळी तो गल्ल्यावर बसतो, तेव्हा काका देवळात जाऊन येतात. मागच्या महिन्यात त्याने दुकानाचा सगळा हिशेब लॅपटॉपवर चढवला. विक्री, खरेदी, वीज, पोऱ्या. मग भाडं बाजारभावाने, आणि शेवटी तिघांचे पगार. खाली लाल अक्षरांत उणे साठ हजार आले.

काकांनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला. शेवटची ओळ कशाची म्हणून विचारलं. मुलाने सांगितलं. काकूंकडे आणि सुनेकडे बघून ते थोडं हसले आणि ती ओळ काढून टाक म्हणाले. बाहेर दुधाचा टेम्पो येऊन हॉर्न वाजवत होता.